उरलेलं पाणी

"तुम्ही दोघं एकाच घरात राहता?" कंपनीचे वकील चांदोरकर यांनी आईला विचारलं.

"लग्न झाल्यापासून," आई म्हणाली.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाईंनी नुसती मान वर केली, आणि हसू थांबलं.

"एकाच टेबलावर जेवता?"

"हो."

"आणि तरीही, हेर्लेकरांनी तुम्हाला कंपनीच्या प्रोग्रामच्या आतलं एक अक्षर कधी सांगितलं नाही, असं तुमचं म्हणणं."

"नाही सांगितलं. मी विचारलंही नाही."

"का नाही विचारलं?"

आईने पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवलेला हात काढून घेतला. "ते ओवळ्यात होते," ती म्हणाली.

चांदोरकर थबकले. "मॅडमना समजेल असं सांगा," त्यांनी न्यायाधीशबाईंकडे हात केला.

"माझ्या सासूबाई सोवळ्यात स्वयंपाक करायच्या," आई थेट त्यांच्याकडे वळून म्हणाली, शाळेत मागच्या रांगेतल्या मुलीला सांगावं तसं. "तेव्हा आम्ही कुणी त्यांना शिवायचो नाही, त्या खोलीत पाऊल टाकायचो नाही. त्या गेल्यावर त्या खोलीत मी कॉम्प्युटर ठेवला. ह्यांनी कंपनीचा मूळ प्रोग्राम पाहिला होता, म्हणून हे ओवळ्यात. मी तो पाहिला नव्हता, म्हणून मी सोवळ्यात. खोलीत हे यायचे नाहीत. कामाबद्दल मी विचारायची नाही, त्यांनी सांगायचं नाही. आम्ही दोघंही सोवळंबिवळं मानत नाही, मॅडम. पण पाळायचं कसं ते आम्हाला माहीत होतं."

"चहा द्यायला तरी आत येत असतील," चांदोरकर म्हणाले.

"उंबऱ्यापर्यंत."

न्यायाधीशबाईंनी ते लिहून घ्यायला सांगितलं. टंकलेखकाने मान वर न करता 'उंबऱ्यापर्यंत' असं टंकलं. मी मागे बसून ते ऐकत होते. बाबा त्या वेळी दाराबाहेर व्हरांड्यातल्या बाकावर होते. आईची साक्ष त्यांच्या कानावर पडू नये म्हणून चांदोरकरांनीच त्यांना बाहेर बसवण्याची विनंती केली होती. बाबा निमूट उठून गेले होते. दाराबाहेर बसायची त्यांना सवयच होती.

दावा होता पुण्याच्या हेमाद्री कॉम्प्युटर्स या कंपनीचा, माझ्या आई-वडिलांवर. ही गोष्ट आहे मी पुण्यात कॉलेजात मराठी शिकवायला नुकती लागले होते तेव्हाची. आई-बाबा सांगलीहून आले होते आणि माझ्या एका खोलीत उतरले होते. खटला ज्या गोष्टीवरून चालला होता तिच्यातलं मला तेव्हा फारसं कळत नव्हतं, आणि आईने मला ते ज्या शब्दांत समजावलं त्याच शब्दांत मी आजही ते सांगू शकते.

हेमाद्रीने सहकारी संस्थांसाठी एक प्रोग्रामिंग भाषा तयार केली होती, 'तेरीज' नावाची. तिच्यात संस्थांचे कारकूनसुद्धा आपापले प्रोग्राम लिहीत. आमच्या भागात कृष्णाकाठच्या बऱ्याच उपसा सिंचन संस्थांच्या पाण्याच्या पाळ्या तेरीजमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामांवर निघत. कुणाच्या शेताला कधी आणि किती मिनिटं पाणी, ती यादी दर पाळीला छापून संस्थेच्या भिंतीवर लागे. मग एके दिवशी कंपनीने तेरीज बंद केली. नव्या कॉम्प्युटरवर ती चालेना. कंपनीचं म्हणणं, आमची नवी भाषा घ्या आणि सगळे प्रोग्राम पुन्हा लिहून घ्या. जुने कॉम्प्युटर एकेक करून मरत होते, आणि संस्थांचे लोक आईकडे यायला लागले, कारण तिच्या माहेरच्या गावच्या पाळ्यांचा प्रोग्राम तिनेच लिहिला होता.

आई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिने ठरवलं की तेरीजमध्ये लिहिलेलं सगळं जसंच्या तसं वाचणारा आणि नव्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम आपण लिहायचा. त्याचं नाव तिने ठेवलं 'ताळा'. जुन्या प्रोग्रामात अक्षराचाही बदल करायचा नाही. उत्तर तेच यायला हवं.

अडचण एकच होती. बाबा पूर्वी हेमाद्रीत होते आणि तेरीज ज्यांनी बांधली त्यांतले एक होते. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा नोकरी सोडून ते सांगलीला परतले. सोडताना त्यांनी कंपनीशी गुप्ततेचा करार केला होता: प्रोग्रामच्या आतलं कुणालाही सांगणार नाही. आमचे वकील शिरगुप्पे यांनी आईला सुरुवातीलाच बजावलं होतं, "वहिनी, भाषा कुणी वापरावी यावर ते भांडतील, पण त्यात त्यांना फार दम नाही. पुस्तिका बाजारात आहे, ती वाचून तुम्ही लिहा. आतली मात्र एक ओळ जरी साहेबांकडून आली, तर ती चोरी. मग मी काही करू शकणार नाही." तेव्हापासून त्या खोलीचा उंबरा बाबांना बंद झाला.

आणि आता कंपनी म्हणत होती की ती ओळ आलेली आहे.

चांदोरकरांनी न्यायालयात दोन कॉम्प्युटर आणवले होते. एकावर जुनी तेरीज, दुसऱ्यावर आईचा ताळा. शेजारी एक कर्कश प्रिंटर. माझ्या आजोळच्या संस्थेचीच पाळ्यांची यादी त्यांनी दोन्हींवर चालवून दाखवली आणि दोन्ही कागद आईसमोर धरले.

"तेरीजमध्ये 'वाटणी' असा हुकूम आहे. पंप जेवढा वेळ चालणार तो वेळ जमिनीच्या प्रमाणात वाटायचा. बरोबर?"

"बरोबर."

"भाग पूर्ण जात नाही. काही मिनिटं उरतात. ती कुणाला द्यायची?"

"पुस्तिकेत लिहिलंय, यादीतल्या पहिल्या नावाला."

"पुस्तिकेत तसं आहे. पण आमची तेरीज पहिल्या नावाला देत नाही. तिच्यात एक दोष राहून गेला आहे, आम्ही तो मान्य करतो. या यादीत ती उरलेली मिनिटं कुणा यल्लव्वा कोरे यांना देते. नाव यादीच्या मध्ये कुठेतरी आहे. आणि तुमचा ताळा?"

"त्यांनाच."

"पुस्तिकेत नसलेला, जगात कुठेही न छापलेला आमचा दोष तुमच्या प्रोग्रामात कसा आला, हेर्लेकरबाई?"

मला आईचा चेहरा बाजूने दिसत होता. तिला हा प्रश्न आवडला होता. वर्गात एखाद्या मुलीने नेमकं विचारलं की तिच्या भुवया अशाच वर जायच्या.

"शोधला," ती म्हणाली. "गावोगावच्या जुन्या याद्या आणल्या. पुस्तिकेप्रमाणे लिहिलं तर लोक भांडत आले, की कोऱ्यांचं पाणी दुसऱ्याला कसं गेलं. म्हणून बसले. दिवाळीपासून होळीपर्यंत मला तो नियम सापडत नव्हता. यादी आडनावांप्रमाणे लावलेली, आणि उरलेलं पाणी कधी वर जातं, कधी मध्ये. आणि मग सापडला. ज्याची जमीन सगळ्यात कमी, त्याला. एकूण एक यादीत ताळा पडला."

"सापडला," चांदोरकर म्हणाले. "आपोआप."

"आपोआप कसा? मी सांगितलं ना, होळी उजाडली."

मधल्या सुट्टीत आम्ही व्हरांड्यात बाबांपाशी आलो. शिरगुप्पे आधीच म्हणाले होते, आत काय विचारलं ते साहेबांशी बोलायचं नाही. त्यामुळे चौघंही गप्प होतो. बाबांनी पिशवीतून डबा काढला. येताना ते वाडीहून कवठाची बर्फी घेऊन आले होते. त्यांनी प्रत्येकाच्या हातावर एकेक वडी ठेवली आणि डब्यात एक उरली.

"घ्या ना साहेब," शिरगुप्पे म्हणाले.

"राहू दे," बाबांनी झाकण लावलं.

मी शिरगुप्प्यांच्या मागोमाग पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. "कसं चाललंय, काका?"

ते पाणी प्यायले, रुमालाने तोंड पुसलं. "तुझी आई खरं बोलते हे मला ठाऊक आहे. पण बघणाऱ्याला काय दिसतं? नवऱ्याने बांधलेलं यंत्र, बायकोने बांधलेलं यंत्र, दोन्हींत एकच खोट. आणि नवरा शेजारी जेवायला बसतो. माझ्याकडे दाखवायला काही नाही गं. नाही सांगितलं हे दाखवायचं कसं?"

"हरलो तर?"

"ताळा बंद. आणि कागदावर राहील ते असं, की आईने काही केलंच नाही, बाबांनी चोरून आणून दिलं."

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आई आणि बाबा एका बाकावर, मध्ये डबा ठेवून बसले होते. दोघं समोरच्या गुलमोहराकडे बघत होते. त्या बंद तोंडांचा मला त्या क्षणी फार राग आला. एवढं पाळून मिळालं काय, असं वाटलं.

दुपारी बाबा पिंजऱ्यात उभे राहिले. आता आईला आत बसायला हरकत नव्हती. ती माझ्या शेजारी बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

चांदोरकरांनी बाबांना फिरवून फिरवून पुष्कळ विचारलं. कंपनीत काय करत होता, करार वाचून सही केली होती का, सोडताना काही कागद आणले का. बाबा लहान लहान उत्तरं देत होते. मग चांदोरकर जवळ गेले.

"'वाटणी'चा तो भाग कंपनीत कुणी लिहिला होता?"

"मी."

"म्हणजे तो दोष तुमचा."

"माझा."

"आज सकाळी तुमच्या पत्नीने शपथेवर सांगितलं की उरलेली मिनिटं कुणाला जातात तो नियम त्यांनी स्वतः शोधला. माझं म्हणणं असं आहे की तो त्यांना तुम्ही सांगितलात."

"तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी बाहेर होतो."

"मी सांगतो. ज्याची जमीन सगळ्यात कमी, त्याला."

बाबांनी आईकडे पाहिलं. मी त्यांना आईकडे बघताना आयुष्यभर पाहिलं होतं, पण असं नाही. दुसऱ्याच्या घरात काही फुटलं आणि ते आपल्या हातून, तसं.

"उत्तर द्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"द्यायचं तर आतलं सांगावं लागेल, मॅडम. माझी करारावर सही आहे. कंपनीची परवानगी लागेल."

शिरगुप्पे अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. काय येणार आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. बाबांनी आपल्या वकिलालासुद्धा आतलं कधी सांगितलेलं नव्हतं.

चांदोरकर हसले. "कंपनीची काही हरकत नाही. उलट आम्हाला ऐकायचंच आहे."

"तसं लिहून घ्याल का?" बाबांनी टंकलेखकाला विचारलं. ते लिहून होईपर्यंत ते थांबले.

"तो नियम नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"सगळ्यात कमी जमीन, हा नियम नाही. प्रोग्राम जमीन बघतच नाही. जो सभासद सगळ्यात शेवटी नोंदवला गेला, त्याला ती मिनिटं जातात. शेवटची नोंद वाचून झाली की पुन्हा पहिल्या नावावर यायला हवं होतं. ते लिहायचं मी विसरलो."

"पण उत्तर तर तेच येतंय," चांदोरकर म्हणाले. त्यांनी कंपनीच्या माणसाकडे वळून पाहिलं. तो तिथला नवा इंजिनियर होता आणि त्याच्या तोंडावरून दिसत होतं की तो भाग त्याने कधी उघडून पाहिलेला नाही.

"आमच्याकडे तेच येणार. भावाभावांत शेत वाटलं गेलं की नवा सभासद नोंदवला जातो. तो नवा, म्हणून त्याचा तुकडा लहान. शेवटचा आणि सगळ्यात कमीवाला बहुतेक एकच माणूस निघतो. बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसेल."

आईचे हात पर्सवर होते तसेच होते.

"पत्नीचा नियम चुकीचा आहे हे तुम्हाला कधी कळलं?" हे न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"होळीला. जेवताना ती म्हणाली, सापडलं, ज्याची जमीन सगळ्यात कमी त्याला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"छान म्हणालो."

शिरगुप्पे उठले. मला त्यांचा आवाज इतका हळू कधी ऐकू आला नव्हता. "मॅडम, दोन्ही कॉम्प्युटर इथेच आहेत. माननीय वकीलसाहेबांनीच आणलेत. एक नवी यादी चालवून बघावी. सगळ्यात शेवटी नोंदवलेला माणूस, आणि जमीन सगळ्यात जास्त."

चांदोरकरांनी हरकत घेतली. न्यायाधीशबाईंनी ती फेटाळली आणि नावं स्वतःच सांगितली. बहुधा त्यांच्याच गावाकडची असावीत. कंपनीच्या त्या इंजिनियरने दोन्हींवर ती भरली. प्रिंटर दोनदा किरकिरला. कागद फाडून पुढे गेले. बाईंनी ते शेजारी शेजारी ठेवले, चष्मा लावला, काढला.

"एकात पाणी वरच्या माणसाला गेलंय," त्या म्हणाल्या, "आणि दुसऱ्यात खालच्या बाईला."

त्या दिवशी एवढंच झालं. निकाल नंतर लागला, आमच्या बाजूने. ज्याला उत्तर ठाऊक होतं त्याने ते सांगितलं असतं तर चूक राहिली नसती, असं एक वाक्य त्यात होतं. शिरगुप्पे ते वाक्य पुढे कितीतरी वर्षं पाठ म्हणून दाखवत.

पण मला लक्षात आहे ते कोर्टासमोरच्या हॉटेलातलं टेबल. चहा आला होता. शिरगुप्पे फोन करायला गेले होते.

"छान म्हणालात तुम्ही," आई म्हणाली.

"हं."

"आणि पुरणपोळी आणखी एक घेतलीत. मला वाटलं खूश झालात."

"घशाशी आलेलं खाली ढकलायला काहीतरी हवं होतं."

आईने बशीत चहा ओतला, तो प्यायली नाही. "दिवाळीपासून होळीपर्यंत डोकं फुटायची वेळ आली होती माझी. तुम्ही उंबऱ्यावर चहा ठेवून जात होता. दोन शब्दांचं काम होतं."

"दोनच."

"मग?"

"मग आज तो प्रोग्राम त्या चांदोरकरांचा झाला असता."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर आईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तरी चुकलंच माझं," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्यातला तोच एक भाग झकास जमलाय."

"तोच जमलाय," बाबा म्हणाले. "माझा नुसता विसर आहे, त्यात अक्कल काही नाही. तू मात्र शोधत बसलीस की हे पाणी कुणाला का द्यावं. आणि तुला सापडलं काय, तर ज्याच्याकडे सगळ्यात कमी त्याला. अगं, माझं डोकं तेव्हा जागेवर असतं तर मीही असंच लिहिलं असतं. 'छान' मी खोटं नव्हतो म्हणालो."

आईने चहा संपवला. "आता दुरुस्त करायला हवं. ताळा म्हटल्यावर उत्तर तेच यायला हवं."

"करता येणार नाही."

"का?"

"आज तू ऐकलंस."

आईला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलं. "म्हणजे मीही ओवळ्यात," ती म्हणाली.

बाबांनी डबा उघडून उरलेली वडी तिच्या बशीत ठेवली.

ताळा पुढे पुष्कळ संस्थांत चालला. आईने तो भाग कधी बदलला नाही. आपल्या पाळीतली उरलेली मिनिटं सगळ्यात लहान तुकडा असलेल्याला जातात यावर कुणी तक्रार केली असेल तर ती आमच्यापर्यंत आली नाही. आमच्या घरात मात्र तो कायदाच झाला. ताटात, डब्यात, पातेल्यात काही उरलं की बाबा विचारत, "कमी कुणाकडे?" मी सुट्टीला गेले की बहुतेक वेळा ते माझ्याकडे निघे. माझा प्रबंध अडला तेव्हाही मी सांगलीला जाऊन बसले होते. बाबा रोज दुपारी चहा आणून खोलीच्या दारात ठेवायचे आणि जायचे. पहिल्यांदा मी चिडले होते. नंतर चिडले नाही. त्या प्रबंधाचं पुस्तक आज माझ्या नावावर आहे, आणि त्यातल्या चुकाही माझ्या आहेत.

बाबा यंदा माघात गेले. चौदावा झाला, माणसं परतली. आई आणि मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. फडताळात मागे त्यांचा डबा होता. जाण्याआधी काही दिवस ते वाडीला जाऊन आले होते. आत बर्फी होती. तीन वड्या. कवठाची बर्फी टिकते.

आम्ही टेबलाशी बसलो. मी एक आईसमोर ठेवली, एक माझ्यासमोर. एक उरली. आम्ही दोघी डब्यात बघत राहिलो, कारण इथे कुणीतरी काहीतरी विचारायचं होतं आणि ते विचारणारं कुणी नव्हतं.

"तू घे," आई म्हणाली.

"नको, आई. तूच घे."

"तसं नाही चालत. मला ते लग्न झाल्यापासून होते. तू सगळ्यात शेवटी आलीस, आणि तुझ्या वाट्याला ते सगळ्यात कमी आले." तिने डबा माझ्याकडे सरकवला. "ह्यांच्या हिशेबानेही तुझीच. माझ्या हिशेबानेही तुझीच."

मी ती घेतली.